आधी नाव, मग अभ्यासक्रम

ऑक्टोबर १९६८. बव्हेरियातल्या गार्मिश गावी नाटोच्या विज्ञान समितीने बोलावलेली पन्नासेक माणसं जमली. संगणक बनवणारे होते, प्रोग्राम लिहिणारे होते, विद्यापीठांतले गणितीही होते. परिषदेचं नाव मुद्दाम डिवचणारं ठेवलं होतं: सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. पूल बांधणाऱ्यांची शिस्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांत का नाही, हा त्यातला टोमणा. मोठाले प्रोग्राम तेव्हा मुदत आणि खर्च दोन्ही ओलांडून हाती येत आणि आल्यावरही धड चालत नसत. पुढच्या वर्षी रोमला पुन्हा बैठक झाली. तिथे विद्यापीठवाले आणि धंद्यातले यांचं एकमेकांशी फारसं जमलं नाही.

शिस्तीवाचून काय होतं, ते कॅनडातल्या सरकारी अणुऊर्जा कंपनीच्या थेराक-२५ या यंत्राने दाखवलं. यंत्र कर्करोगावर किरणोपचार करणारं. आधीच्या थेराक-२० मध्ये चुकीचा झोत अडवणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती. नव्यात ती काढून सगळा भरवसा प्रोग्रामवर टाकला. १९८६ साली टेक्सासमधल्या टायलर इथे ऑपरेटरने चुकून एक्स-रेचं 'एक्स' दाबलं, कर्सर वर नेऊन इलेक्ट्रॉनचं 'ई' केलं आणि सरावाच्या वेगाने पुढची बटणं दाबली. यंत्रातली चुंबकं सज्ज व्हायला आठेक सेकंद लागत. तेवढ्यात केलेली दुरुस्ती प्रोग्रामच्या ध्यानातच आली नाही. पडद्यावर उमटलं फक्त 'मालफंक्शन ५४'. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राच्या सहा दुर्घटना झाल्या, त्यांत रुग्ण दगावले. तीच चूक थेराक-२० मध्येही दडलेली होती, हे मागाहून कळलं. तिथे नुसते फ्यूज उडायचे.

ही शिस्त शिकवायची कशी, याचं सर्वांत रोखठोक उत्तर डेव्हिड पार्नास यांनी दिलं. मूळचे विद्युत अभियंते. प्रोग्रामच्या प्रत्येक भागाने आपला एखादा निर्णय पोटात ठेवावा, म्हणजे तो बदलला तरी शेजाऱ्याला धक्का लागत नाही, हे त्यांनी १९७२ सालीच मांडलं होतं. पुढे हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात त्यांनी आग्रह धरला की संगणकशास्त्र आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग यांत भौतिकशास्त्र आणि विद्युत अभियांत्रिकीइतकं अंतर आहे. विद्यार्थ्याला इतर अभियंत्यांसारखं पायाभूत विज्ञान यायला हवं आणि आपल्या कामाची जबाबदारीही घेता यायला हवी. संगणकशास्त्राच्या जुन्या विभागांना हे रुचणं कठीणच होतं.

जबाबदारी घ्यायची तर इतर अभियंत्यांसारखा परवाना हवा. त्याचं घोडं मात्र अडलं. कॅनडात 'इंजिनिअर' हे बिरुद कायद्याने राखलेलं. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' या नावावरून न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाला अभियंत्यांच्या संघटनेने कोर्टात खेचलं. टेक्सासने १९९८ साली सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला व्यवसायाची मान्यता दिली, तर संगणकतज्ज्ञांची एसीएम ही संघटना पुढच्याच वर्षी परवान्याविरुद्ध उभी राहिली: विद्या अजून परिपक्व नाही, परवाना खोटा दिलासा देईल. या आक्षेपात तथ्य होतं. पण रुग्णालयाच्या यंत्रातला प्रोग्राम कोणाच्या सहीने पास व्हावा, याचं उत्तर त्यात नव्हतं.

अमेरिकेत व्यावसायिक परवान्याची स्वतंत्र परीक्षा २०१३ साली सुरू झाली. बसणारे इतके थोडे निघाले की २०१९ नंतर ती गुंडाळली. आल्बर्टात तर २०२३ साली न्यायालयाने परवान्याविना 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' म्हणवणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला आणि पाठोपाठ प्रांत सरकारने कायदाही तसाच बदलून टाकला.