अक्षांचा काटकोन

मिलिंग यंत्राचे तिन्ही अक्ष परस्परांशी काटकोनात असावेत, ही अपेक्षा ऐकावयास साधी असली, तरी ती लोखंडात उतरविण्यासाठी युरोपातील कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या खपावे लागले. कारण काटकोन पडताळावयाचा तर आधी निर्दोष सपाटी हवी, आणि तीच त्या काळी दुर्मिळ होती. लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेपुढे निबंध वाचून ती सिद्ध करण्याची रीत मांडली. दोनच प्लेटी एकमेकींशी जुळवल्या, तर एक खोलगट व दुसरी फुगीर असूनही त्या बेमालूम बसतात. म्हणून तिसरी घ्यावयाची, रंग लावून तिन्ही आळीपाळीने पडताळावयाच्या, आणि जेथे रंग उमटेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने खरवडावयाचा.

या हस्तकौशल्याला दस्तऐवजाचे रूप दिले ते बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेझिंगर यांनी. त्यांच्या १९२७ सालच्या तपासणी-पुस्तकात कसूर मोजणारी डायल यंत्रावर कोठे लावावी आणि किती अंतरात किती कसूर माफ करावी, हे कलमवार नमूद झाल्यामुळे कारखानदार व खरेदीदार यांच्यातील तंट्यांना निश्चित निकष मिळाला.

पुढे १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, छिद्रे पाडलेल्या फितीच्या हुकुमाबरहुकूम तिन्ही अक्ष एकाच वेळी चालविणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. परंतु हुकूम कितीही बिनचूक असला, तरी दोन अक्षांच्या काटकोनात एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक असेल, तर ३०० मिलिमीटरांत सुमारे ०.०९ मिलिमीटरची तफावत पडते आणि वर्तुळ तिरके लंबगोल होते. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील जेम्स ब्रायन यांनी १९८० च्या दशकात याच लक्षणावरून निदान करण्याची तजवीज केली: दोन्ही टोकांस गोळे असलेला, लांबी कमीजास्त होणारा दांडा टेबल व स्पिंडल यांमध्ये बसवून यंत्राला वर्तुळात फिरवावयाचे, आणि त्रिज्येतील फेरफार नोंदवावयाचा. मिळालेला आकडा यंत्र चालविणाऱ्या संगणकात भरला, की एक अक्ष सरकताना दुसराही किंचित सरकून कसूर भरून काढतो.

या सोयीने आळसाला मात्र आश्रय दिला. झिजलेल्या मार्गाची ढिलाई क्षणोक्षणी बदलते, भरलेला आकडा तसाच राहतो. शिवाय कलंडलेले स्पिंडल टेबलाशी काटकोनात आणणे तीन अक्षांच्या यंत्रात कोणत्याही आकड्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा प्रथम यंत्राची बैठक समपातळीत आणावी, मग फिटरने शिम, म्हणजे फटीत सारावयाच्या पातळ पट्ट्या, आणि स्क्रेपर हाती घ्यावे, आणि त्यातूनही जी कसूर शिल्लक राहील तेवढीच संगणकाच्या हवाली करावी.