चार नकाशांच्या कोपऱ्यावरचा मुलूख

फेब्रुवारी उजाडला की बारावीला भूगोल घेतलेल्या मुलामुलींची लगबग सुरू होते. आधी प्रात्यक्षिक परीक्षा, मग लेखी. वहीत समोच्च रेषा, काटछेद, सांकेतिक चिन्हे आणि हवामानाचे नकाशे. परीक्षेच्या टेबलावर एक स्थलनिर्देशक नकाशा पसरलेला असतो. त्यातली वस्ती ओळखा, नदीची दिशा सांगा, दोन गावांतले अंतर काढा, असे प्रश्न असतात. पंचवीस-तीस वर्षे मी हे पाहत आलो. माझ्या पाहण्यात तरी टेबलावरचा तो नकाशा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी मुलखाचा असे.

धानोरा तालुक्यातल्या एका मुलीने मला एकदा विचारले, "सर, आमच्याकडचा नकाशा परीक्षेला येत नाही का?" मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. आज त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे भूगोलाच्या पुस्तकात कुठे आहेत, आणि मुळात नकाशावर कसे आले?

सुरुवात नकाशाच्या क्रमांकापासूनच करू. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे चार अंश लांब आणि चार अंश रुंद असे चौकोन पाडले आणि त्यांना क्रमांक दिले. त्या प्रत्येक चौकोनाचे एक-एक अंशाचे सोळा भाग, त्यांना ए ते पी ही अक्षरे. त्यांचेही पुन्हा सोळा भाग केले की आपला नेहमीचा, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर प्रमाणाचा नकाशा मिळतो. आता गंमत बघा. २० अंश उत्तर अक्षवृत्त आणि ८० अंश पूर्व रेखावृत्त जिथे एकमेकांना छेदतात, तिथे ५५, ५६, ६४ आणि ६५ असे चार मोठे चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून भेटतात. हा बिंदू येतो गडचिरोली शहराच्या दक्षिणेला, चामोर्शीच्या बाजूला. म्हणून ब्रह्मपुरी ५५ पी मध्ये, चंद्रपूर ५६ एम मध्ये, धानोरा ६४ डी मध्ये, तर एटापल्ली आणि भामरागड ६५ ए मध्ये. वैनगंगेच्या खोऱ्याचा हा एकच मुलूख नीट पाहायचा म्हटला तर चार कागद एकमेकांना जोडावे लागतात. जिथे चार कागद भेटतात ती जागा प्रत्येक कागदाच्या कडेला जाते. या भागाचे इतिहासातले स्थानही असेच काहीसे राहिले.

तसा हा मुलूख अनोळखी कधीच नव्हता. आरमोरीजवळच्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त सापडतो. बल्लारशा आणि चांद्याच्या गोंड राजांचे राज्य इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदले. पुढे १७५१ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले. इथल्या माणसांना डोंगर, नाले, घाट, उतार सगळे पाठ होते. कागदावर काढायची गरज त्यांना पडली नाही, इतकेच. ती गरज पडली बाहेरून येणाऱ्यांना.

कॅप्टन ब्लंट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक अधिकारी १७९५ मध्ये गंगेकाठच्या चुनारहून निघून थेट आंध्रच्या किनाऱ्याकडे गेला. मधल्या अनोळखी प्रदेशातून वाट कशी आहे, हे पाहणे हे त्याचे काम. तो वैरागडवरून दक्षिणेला उतरला. बस्तरच्या हद्दीत त्याच्या तुकडीवर गोंडांनी हल्ला केला आणि त्याला गोदावरी ओलांडून निजामाच्या मुलखाचा आसरा घ्यावा लागला. आपल्या जंगलाचा माग काढत कोणी तरी वही घेऊन आले आहे, म्हणजे त्यामागे काही तरी येणार, हे त्या लोकांना कळले असावे असे मला वाटते. पुढचा इतिहास पाहता त्यांचा अंदाज चुकला असे म्हणवत नाही.

त्यानंतर आली भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. पृथ्वीचा आकार नेमका किती, हे त्यातून काढायचे होते. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी त्याने प्राण सोडला, तो वरोऱ्याच्या शेजारी असलेल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले आणि पोराटोरांच्या तोंडी बसले. लॅम्बटनचे नाव आपल्या विदर्भातल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक नसते. त्या मोजणीत निशाण धरून डोंगरावर उभे राहणारे आणि तापाने जंगलात मेलेले खलाशी तर कोणाच्याच लक्षात नाहीत.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजांचा चांदा जिल्हा तयार झाला. चारच वर्षांनी मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी दिले गेले. उठाव मोडल्यावर जमिनीच्या मोजणीला वेग आला. नकाशा, जमाबंदी आणि जंगलाची हद्द या तीन गोष्टी इथे एकमेकींचा हात धरून आल्या, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आता पुस्तकाकडे येऊ. 'जलवाहतुकीच्या विकासातील अडथळे' असा प्रश्न आला की मुले पाठ केलेले चार मुद्दे लिहितात. त्याचे जिवंत उदाहरण आपल्या दाराशी आहे. सर आर्थर कॉटन यांच्या मनात होते की वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून नावेने थेट समुद्रापर्यंत न्यावा. १८६० मध्ये निजामाकडून गोदावरीचा डावा काठ इंग्रजांना मिळाला आणि सिरोंचा हे 'अपर गोदावरी' नावाच्या वेगळ्या जिल्ह्याचे ठाणे झाले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवाच होता. कामे सुरू झाली. पण नदीच्या पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीजवळचे देवलमरी. पावसाळ्यात पाणी आवरत नाही आणि उन्हाळ्यात खडक उघडे पडतात. शिवाय तोवर रेल्वे वऱ्हाडात पोचली होती. १८७१ मध्ये योजना सोडून दिली. १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. एका उदाहरणात नदीचे स्वरूप, हंगामी पाऊस, जागतिक बाजारपेठ आणि वाहतुकीची स्पर्धा असे चारही मुद्दे येतात. उत्तरात हे लिहिले तर परीक्षक क्षणभर थांबून वाचेल.

त्याच १८७१ साली वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली. काही वर्षांत वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण वर्धा खोऱ्यातला कोळसा उद्योग वाढतच गेला. हा कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना भूगर्भशास्त्रात 'गोंडवाना' श्रेणी म्हणतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात या खडकांतले जीवाश्म गोळा केले. आपल्याच जिल्ह्यातल्या मांगलीला सापडलेली एका उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले. पुढे भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातल्या मेडलिकॉट आणि फाइस्टमांटेल यांनी १८७० च्या दशकात या खडकांना गोंडांच्या देशाचे नाव दिले. व्हिएन्नाच्या एडवर्ड सूस यांनी तेच नाव दक्षिण गोलार्धातल्या प्राचीन महाखंडाला जोडले. आज ब्राझीलपासून ऑस्ट्रेलियापर्यंत कुठल्याही शाळेत गेलात तरी मुले 'गोंडवानालँड' शिकतात.

आणि इथे मला ती धानोऱ्याची मुलगी पुन्हा आठवते. घरी गोंडी बोलणारी, शाळेत मराठीतून शिकणारी. गोंडवाना म्हणजे गोंडांचे वन, हे तिला वर्गात कोणी सांगितले नव्हते. व्याख्या तोंडपाठ होती: 'दक्षिणेकडील भूखंडांचा प्राचीन समूह.' जगाच्या पुस्तकात आपलेच नाव छापलेले आहे, याची तिला वार्ताच नव्हती. यात तिची चूक नाही. चूक शिकवणाऱ्यांची, म्हणजे माझीही.

सिंचनाचे पाहा. धरण म्हटले की मुलांना भाक्रा आणि कोयना आठवते. पण भाताच्या या पट्ट्यात शेकडो वर्षे पाणी पुरवले ते तलावांनी. जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची गोंड राजांची रीत होती. कोहळी समाजाने या कामात नाव कमावले. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखून पाळ कुठे घालायची हे ठरवणारी ही माणसे समोच्च रेषा जगत होती, कागदावर काढत नव्हती. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा तलाव' झाले. पुष्कळ तलाव गाळाने भरले. मालकी बदलली की देखभालीचे काय होते, हाही भूगोलाचाच धडा आहे.

जिल्ह्याच्या रेषाही स्थिर राहिल्या नाहीत. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. हैदराबाद संस्थानातला राजुरा नांदेडमार्गे १९५९ मध्ये इकडे आला. चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. आजोबा, वडील आणि नातू एकाच घरात जन्मले, तरी तिघांचे राज्य किंवा जिल्हा वेगळा असू शकतो. घर मात्र हललेले नसते.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे सगळे छान. पण याने मार्क वाढतात का? वाढतात. तरी मी मार्कांसाठी सांगत नाही. नकाशा वाचता येणे ही इथे चैनीची गोष्ट नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क सांगता येतो. पण सांगायचा तर हद्द दाखवावी लागते. नाला कुठला, टेकडी कुठली, शेजारच्या गावाची शीव कुठे, निस्तारपत्रकात काय लिहिले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे करून दाखवले. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. जी मोजणी एकेकाळी जंगल लोकांकडून काढून घ्यायला आली, तीच विद्या ते परत मागायला उपयोगी पडली. हे मी भूगोलाचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक मानतो.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेची तयारी करताना एक दिवस यासाठी काढा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी खुल्या मालिकेचे नकाशे निघाले आहेत. आपल्या गावाचा कागद मिळवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. तो नावे सांगेल, तुम्ही चिन्हे ओळखा. त्यांचे ज्ञान आणि तुमचे ज्ञान एका कागदावर येऊ द्या. प्रमाण, दिशा, उतार, जलप्रणाली, वस्तीचा आकार हा सगळा अभ्यासक्रम त्या एका बैठकीत होतो आणि विसरत नाही.

पुढच्या वर्षी मी त्या मुलीला ६४ डी मधला तिच्या गावाचा नकाशा आणून दिला. तिने आधी बोटाने रस्ता शोधला, मग शाळा, मग एक बारीक निळी रेघ. "हा आमच्या घरामागचा नाला," ती म्हणाली. रेघ होती, पण शेजारी नाव छापलेले नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. मग तिने पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात, त्या रेघेजवळ नाल्याचे गोंडी नाव लिहिले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)