दुरुस्तीचा तंटा

मोटार दुरुस्तीला दिली, पैसे मोजून परत आणली आणि घरी येईपर्यंत तिच्यातून एक नवाच आवाज येऊ लागला, हा अनुभव ज्याच्या वाट्याला आला नाही असा मोटारवाला विरळा. मालक म्हणतो, हा आवाज पूर्वी नव्हता. मिस्त्री म्हणतो, होता; पण जुन्या आवाजाखाली तो तुम्हाला ऐकू येत नव्हता! मालक म्हणतो, पैसे देणार नाही. मिस्त्री म्हणतो, मग गाडीही मिळणार नाही. येथवर मजल आली की दोघांचीही मती खुंटते आणि भोवती जमलेले बघे न्यायाधीशाचे काम करू लागतात. हा तंटा मोटारीबरोबर जन्माला आला अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो लिखित कायद्याइतकाच जुना आहे. फक्त त्या काळी मोटारीच्या जागी होडी होती, धुवायला टाकलेले धोतर होते, नाही तर नांगर होता.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमारास आपले कायदे एका काळ्या शिळेवर कोरून घेतले. ही शिळा १९०१-०२ मध्ये फ्रेंच संशोधकांना इराणातील सुसा येथे सापडली. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तीवरील २८२ कलमांतली दोन आपल्या कामाची आहेत. साठ गुरांच्या होडीच्या भेगा बुजवून ती जलाभेद्य करणाऱ्या नावाड्याला दोन शेकेल चांदी द्यावी, हे एक. (गुर म्हणजे येथे जनावर नव्हे, धान्याचे माप.) आणि दुसरे असे की, हे काम त्याने नीट केले नाही आणि त्याच वर्षात होडीत दोष निघाला, तर त्याने ती सोडवून स्वतःच्या खर्चाने मजबूत करावी आणि मजबूत होडी मालकाच्या हवाली करावी. पावणेचार हजार वर्षांपूर्वीची ही एक वर्षाची गॅरंटीच झाली! दोष का निघाला, मालकाने होडी खडकावर तर घातली नव्हती ना, असल्या चौकशीत हे कलम शिरत नाही. हम्मुराबीचा एकंदर खाक्याच रोखठोक होता. बांधलेले घर पडून मालक मेला, तर गवंड्याला देहान्त शिक्षा सांगणाऱ्या या राजाने नावाड्यावर फारच दया केली म्हणावयाची.

आपल्याकडे कौटिल्याने या विषयाला जेवढी जागा दिली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणी दिली असेल. ‘अर्थशास्त्रा’चे चौथे अधिकरण कंटकशोधन, म्हणजे समाजातले काटे वेचून काढण्याचे. त्याचा पहिलाच अध्याय ‘कारुकरक्षणम्’. हे कारागिरांचे रक्षण असेल अशा समजुतीने वाचायला घ्यावे, तर हे कारागिरांपासून प्रजेचे रक्षण! पुढच्या अध्यायात व्यापाऱ्यांपासून रक्षण सांगितले आहे, तेव्हा काट्यांच्या यादीत पहिला मान कारागिराचा. मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या प्रा. र. पं. कंगले यांच्या संशोधित आवृत्तीमुळे (पहिला भाग १९६०) हा सारा मजकूर आता जिज्ञासूंना सहज पाहता येतो.

कौटिल्य सांगतो, काम हाती घेताना स्थळ, काळ आणि कामाचे स्वरूप ही तिन्ही ठरलेली असावीत. मुदत टळली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि वर दुप्पट दंड करावा. सांगितले एक आणि केले भलतेच, तर मजुरी साफ बुडाली. शिवाय तिच्या दुप्पट दंड. वस्तू हरवली किंवा नासली तर भरून द्यावी. अस्मानी संकट तेवढे माफ. परटांविषयी तर त्याने फार बारकाईने लिहिले आहे. लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवर कपडे धुवावेत. अन्यत्र धुऊन फाडले तर नुकसानभरपाई आणि सहा पण दंड. परटाने स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची खूण करावी आणि तेवढेच अंगात घालावेत. बिनखुणेचा कपडा अंगावर दिसला की तीन पण दंड. गिऱ्हाइकाचा कपडा विकला, भाड्याने दिला किंवा गहाण टाकला, तर बारा पण. दुरुस्तीला टाकलेल्या मोटारीतून गॅरेजमधली पोरे रविवारी सहल करून आली अशा तक्रारी आपण ऐकतो. कौटिल्य असता तर त्याने मिस्त्र्याच्या गाडीवर पान्ह्याची खूण करायला लावली असती.

रोमन लोकांची दृष्टी निराळी. त्यांनी दंडापेक्षा दोष कोणाचा यावर डोके लढवले. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा कायदेपंडित उल्पियन याने एक सुरेख उदाहरण दिले आहे. रत्न कोंदणात बसवायला किंवा कोरायला दिले आणि ते फुटले. आता भरपाई कोणी द्यायची? रत्नातच मूळचा दोष असेल तर कारागीर सुटला; त्याच्या अडाणीपणाने फुटले असेल तर तो अडकला; आणि ‘फुटले तर जबाबदारी माझी’ असे त्याने आधीच पत्करले असेल, तर प्रश्नच उरत नाही. परटाकडचे कपडे उंदरांनी कुरतडले, तरी हाच उल्पियन परटाला जबाबदार धरतो, कारण उंदरांचा बंदोबस्त करणे त्याच्या हाती होते. यामागचे तत्त्व असे की, धंदा मांडणाऱ्याचे अकौशल्य हाच त्याचा दोष. ‘मी मुद्दाम केले नाही हो’ ही सबब त्याला चालत नाही. मोटारीच्या तंट्यात आजही खरी लढाई होते ती या रत्नाच्या प्रश्नावर: इंजिन आधीच झिजले होते, की उघडताना बिघडले?

महाराष्ट्रातल्या खेड्याने मात्र हा प्रश्न निराळ्याच रीतीने टाळला होता. सुताराने नांगर, कुळव, पाभर नीट ठेवावी, गाडीचे आरे बसवावेत. लोहाराने फाळ शेवटावा, चाकावर धाव चढवावी. आणि या सगळ्याबद्दल सुगीला खळ्यावर आपले बलुते न्यावे. दर कामाचा निराळा हिशेब नव्हता. या व्यवस्थेतली एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. नांगर चार वेळा मोडला म्हणून सुताराला चौपट धान्य मिळत नसे. उलट चार वेळा राबावे लागे. तेव्हा नको ती दुरुस्ती गळ्यात मारण्याचा मोह त्याला व्हावा कसा? त्याला मोह होई तो टाळाटाळीचा. पेरणी तोंडावर आली आणि पाभर अजून सुताराच्या दारात पडलेली, ही कुणब्याची खरी तक्रार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथात बलुत्याच्या पद्धतीवर कडक टीका केली आहे, आणि ती अन्यायाची आहे असे वाटत नाही. तथापि तंटा झालाच तर दोघांच्याही हाती शस्त्र होते. कुणबी बलुते देताना हात आखडता घेई, बलुतेदार काम अडवी. मग चावडीवर पाटलापुढे चार शहाणी माणसे बसत आणि गोष्ट मिटे. मिटवावीच लागे, कारण दुसऱ्या दिवशी तोच सुतार आणि तोच कुणबी.

मोटारीने हे नातेच तोडले. गावाकडल्या नांगराचा कोठला सांधा ढिला झाला हे कुणब्याला सुताराइतकेच कळत होते. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे हे मालकाला कळत नाही; जे सांगितले जाईल ते ऐकावे लागते. आणि पैसे तर दर कामागणिक. म्हणजे बलुत्याच्या अगदी उलट!

त्यात भर पडली कायद्याने दिलेल्या एका हक्काची. आपला १८७२ चा करार कायदा कलम १७० मध्ये म्हणतो की, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्या हेतूप्रमाणे श्रम किंवा कौशल्य खर्च करणाराला, उलट करार नसेल तर, मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यातली उदाहरणे मोठी घरगुती आहेत. जवाहिऱ्याने हिरा पैलू पाडून दिला, तर पैसे मिळेपर्यंत त्याने तो ठेवून घ्यावा. पण शिंप्याने कोट शिवून होताच देण्याचे आणि पैशासाठी तीन महिने थांबण्याचे कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवता येणार नाही. दिवाळीच्या तोंडावर शिंप्याच्या दुकानी खेटे घालणाऱ्या वाचकांनी हे उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही, मात्र शिंप्याला ऐकवू नये. याच्या पुढचे १७१ वे कलमही उपयोगाचे आहे. मागच्या सालचे जुने येणे वसूल करण्यासाठी आजची वस्तू अडवण्याचा सरसकट हक्क ते पेढीवाले, वकील अशा मोजक्यांनाच देते. त्या यादीत मोटारमिस्त्री नाही. शिवाय हक्क आहे तो ताब्यापुरताच. गाडी एकदा फाटकाबाहेर गेली की तो संपला.

इंग्लंडमध्ये १९१५ साली याच हक्कावरून एक मौजेचा खटला झाला. एका कंपनीने वार्षिक रकमेवर एक मोटार चालू स्थितीत ठेवण्याचे आणि तिच्यासाठी शोफर पुरवण्याचे काम घेतले होते. पैसे थकले, कंपनीने मोटार अडवली. न्यायालयाने सांगितले की, वस्तू सुधारली तर ती अडवता येते. नुसती आहे तशी राखली, आणि मालक हवी तेव्हा ती बाहेर नेत होता, तर अडवता येणार नाही. आपल्या सुतारालाही खळ्यावरचे धान्य थकले म्हणून नांगर घरी ठेवता आला नसताच. बलुते आणि वार्षिक करार यांची ही गाठ कायद्याने नकळत बांधली असे मला वाटते.

वाईट दुरुस्तीचा तडाखा केवळ मालकालाच बसतो असे नाही. इंग्लंडमध्येच १९३९ साली निकालात निघालेल्या एका खटल्यात, दुरुस्त होऊन आलेल्या मालमोटारीच्या चाकाची कड थोड्याच वेळात निसटून वाटेने चाललेल्या एका बाईच्या पायावर आदळली. मालकाने काम जाणत्या माणसाकडे दिले होते, तो सुटला. दुरुस्ती करणाराला भरपाई द्यावी लागली, त्या बाईशी त्याचा कसलाही करार नसताना!

अमेरिकेत तर मिस्त्र्यांची परीक्षाच घेण्यात आली. १९४१ साली ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकाने एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी मोटारीने देशभर पाठवली. गाडी ठणठणीत. गॅरेजपाशी येण्यापूर्वी कॉईलची एक तार तेवढी सोडून ठेवायची, आणि ‘काय झाले बुवा, कळत नाही’ असा चेहरा करून आत शिरायचे. जाणत्याने तार जोडावी, हसावे आणि किरकोळ काही घ्यावे किंवा न घ्यावे, एवढेच काम. अठ्ठेचाळीस राज्यांतल्या ३४७ गॅरेजांत हा प्रयोग झाला, आणि शेकडा ६३ ठिकाणी फसवणूक पदरी आली. न केलेल्या कामाचे पैसे, नको असलेले सुटे भाग, कल्पित रोगांची नावे! वाचणाऱ्यांचा संताप झाला, यात नवल नाही. परंतु मला उरलेल्या शेकडा ३७ जणांचे कौतुक वाटते. परका माणूस, परगावची गाडी, पुन्हा तोंड दिसण्याची शक्यता नाही. तरी त्यांनी तार जोडून दिली.

कॅलिफोर्नियाने पुढे १९७१ साली यावर स्वतंत्र कायदाच केला. कामापूर्वी लेखी अंदाजपत्रक द्यायचे, मालकाच्या संमतीवाचून त्यावर पैसा चढवायचा नाही, आणि मालकाने मागितले तर बदललेले जुने भाग त्याला परत करायचे. स्थळ, काळ आणि कामाचे स्वरूप आधी ठरवा म्हणणारा कौटिल्य येथे पुन्हा भेटतो.

आपल्या देशातल्या ग्राहकाच्या चळवळीला मोठा आधार मिळाला तो पुण्यात. बिंदुमाधव जोशी यांनी तेथे १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली; पुढल्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. १९८६ साली संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला, आणि पैसे घेऊन केलेली सेवा सदोष असेल तर दाद मागायला स्वतंत्र जागा झाली. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्रुटी दूर करून घेणे, पैसे परत मिळवणे, नुकसानभरपाई, असे मार्ग त्यात आहेत. धंद्यासाठी वापरलेल्या वस्तूची तक्रार तेथे चालत नाही. मात्र स्वतःच्या टॅक्सीवर पोट भरणारा चालक धंदेवाला नव्हे, ग्राहकच मानला जातो, आणि हे योग्यच झाले, कारण त्याची गाडी चार दिवस गॅरेजात पडली तर घरातली चूल चार दिवस थंडावते.

आयोगापुढे उल्पियनचे रत्न पुन्हा निघतेच. दोष आधीचा की दुरुस्तीतला? तेथे गाडी देताना लिहून घेतलेल्या कामाच्या चिठ्ठीवर काय तक्रार नोंदवली होती, बिलात कोणते भाग लावले आहेत, जुने भाग कोठे आहेत आणि दुसऱ्या जाणत्याने गाडी पाहून लेखी काय सांगितले, यांवर पारडे झुकते. गाडी तिसऱ्याच मिस्त्र्याने आधी खोलून ठेवली असेल, तर पुरावा त्याच्याच हाताने पुसला जातो. आणि नव्या कायद्यात आणखी एक सोय आहे: तडजोडीची शक्यता दिसली आणि दोघांची लेखी संमती असली, तर आयोग त्यांना मध्यस्थापुढे बसवतो. चावडी नाही, पाटील नाही, पण एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला मिस्त्री आणि मध्ये एक शहाणा माणूस, एवढी मांडणी तीच.