जैनाबादचे पाट आणि बुऱ्हाणपूरच्या कुंड्या

तापीच्या उत्तर तीरावर बुऱ्हाणपूर आणि समोरच्या तीरावर जैनाबाद, अशी ही जोडगावे आहेत. इ. स. १४०० च्या सुमारास खानदेशच्या नासिरखान फारुकीने ती वसविली. शेख बुऱ्हाणुद्दीन आणि शेख जैनुद्दीन या दोन साधुपुरुषांची नावे त्याने त्यांना दिली. पुढे बुऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे झाले, आणि जैनाबाद राजघराण्याच्या विहाराचे स्थान झाले. तेथील आहूखाना म्हणजे हरणांची राखीव बाग. इ. स. १६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहल बुऱ्हाणपुरास निवर्तली, तेव्हा तिला प्रथम जैनाबादच्या बागेतच मूठमाती देण्यात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्यास नेला. प्रवासी जैनाबादेस जातात ते बहुधा ही कथा ऐकून.

आम्हांस मात्र आज वाचकांचे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे वेधावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे पाणी, आणि ते घरापर्यंत आणणारी विद्या. एखाद्या साधनाचा इतिहास लिहिताना ते कोणी करविले, कोणी केले, हे आपण अगत्याने सांगतो. ते रोज कोणी वापरले, त्यांना त्याचा काय अनुभव आला, हे सांगावयाचे राहून जाते. जैनाबाद आणि बुऱ्हाणपूर यांची तुलना केली असता ही उणीव किती मोठी आहे हे ध्यानात येते.

सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना, ज्यांचे दोहे उत्तर हिंदुस्थानात घरोघरी पाठ आहेत, त्यांच्या कारकीर्दीत इ. स. १६१५ मध्ये बुऱ्हाणपुरास कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाचे नाव तिच्याशी जोडले जाते. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून तापीकडे झिरपत जातो. हे झिरपते पाणी वाटेतच अडविण्यासाठी डोंगराच्या बाजूपासून विहिरींची एक ओळ खणली, आणि तळाशी भुयारी मार्गाने त्या एकमेकींस जोडल्या. त्या भुयारास अगदी सौम्य उतार दिला. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी शहराकडे चालू लागले. या विहिरींनाच कुंड्या म्हणतात. त्या शंभराहून अधिक असून काहींची खोली ८० फुटांच्या आसपास आहे. कुंडीच्या उघड्या तोंडातून भुयारात हवा व उजेड जातो, गाळ काढण्यास माणूस उतरतो, आणि गरजूस दोर सोडून पाणीही शेंदता येते. इराणातील कारीझची हीच रीत होय. त्याच काळात मलिक अंबराने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, जी नहर बांधली, ती याच कुळातली.

ज्या वर्षी ही योजना झाली त्याच वर्षी नोव्हेंबरात सर टॉमस रो हा इंग्रज वकील बुऱ्हाणपुरावरून गेला. शहाजादा, खानखाना आणि आणखी थोडी मंडळी सोडली तर बाकीच्यांची घरे मातीची आहेत, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. ही नोंद आम्हांस मोलाची वाटते. कारण कुंडीच्या पाण्याचे खरे ग्राहक या मातीच्या घरांतूनच होते. विणकर, रंगारी, शिपाई, आणि पहाटे घागर घेऊन निघणारी गृहिणी. भुयाराचा उतार किती, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु पाणी गढूळ झाले, उतरले, किंवा त्याला वास आला, तर ते प्रथम तिलाच कळत असले पाहिजे.

इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत बुऱ्हाणपूरच्या ८ जलयोजनांची नोंद आहे. त्यांतील सहा कुंड्यांच्या ओळींच्या, आणि दोन वाहत्या प्रवाहांवर बांध घालून पाट काढलेल्या. नदीच्या दक्षिण तीरावरील, म्हणजे जैनाबादच्या बाजूचे, दोन पाट मोगल सैन्याच्या वस्त्यांस व एका सुंदर बागेस पाणी नेत. या दोन्ही योजनांचे पाट त्या काळापर्यंत नाहीसे झाले होते. कुंड्यांच्या ओळीतून मात्र शहरास पाणी मिळतच होते, आणि तिच्या काही भागांत ते आजही वाहते आहे.

असे का व्हावे? एक कारण उघड आहे. उघड्यावरचा बांध पुराच्या तोंडी असतो. भुयारास ते भय नाही. परंतु एवढ्याने उलगडा पुरा होत नाही. बांध फुटला तर पुन्हा बांधता येतो. मात्र बांधावा असे वाटणारा कोणी तेथे उरला पाहिजे. दक्षिण तीरावरची छावणी उठली, बागेचे धनी दूर गेले, आणि पाटाची आठवण ठेवणारे कोणी राहिले नाही. किल्ल्यातील शाही हमामही असाच. भिंतींवरची वेलबुट्टी लोक पाहून जातात, स्नानास कोणी येत नाही. इ. स. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, नंतर इंग्रजांकडे. निशाणे बदलली, पण शहरातल्या घागरी त्याच राहिल्या. साधन जगते ते करविणाऱ्याच्या कीर्तीवर नव्हे, वापरणाऱ्याच्या गरजेवर व दक्षतेवर जगते, असे आम्हांस वाटते.

आज आपल्या हाती दूरध्वनी आहे, संगणक आहे, नळ तर आहेच. ही साधने बिघडली की आपण तक्रार करतो, आणि नवे साधन आणून जुने विसरतो. त्यांच्या पोटात काय चालते हे पाहण्यास कुंडीसारखे तोंडच आपल्यापुढे नसते. ग्राहकाची सोय वाढली, पण त्याचा जिव्हाळा कमी झाला. खुद्द कुंडी भंडाऱ्यासही आता हेच भय आहे. पाण्यातील चुन्याचे थर भुयारात साचून मार्ग अरुंद होतो. भोवती कूपनलिका वाढल्या की भूजलाची पातळी उतरते. इ. स. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ‘खूनी भंडारा’ या नावाने त्याचा समावेश झाला, ही आनंदाची गोष्ट खरीच. तथापि यादीतले नाव गाळ काढीत नाही.

आपल्या देवस्थानांच्या तळ्या, घराची बांय, कुळागरात खेळणारा पाट, ही आपली कुंडीच होय. दाराशी नळ आल्यापासून आपण तळीच्या पायऱ्या किती वेळा उतरलो? देवाच्या अभिषेकास तेथून एक कलश आणला म्हणजे तिच्याशी असलेले नाते पुरे झाले, असे मानून चालावयाचे नाही. जैनाबादचे पाट कोणी शत्रूने मोडले म्हणून गेले नाहीत. त्यांची वास्तपुस्त करणारे उरले नाहीत म्हणून गेले. जत्रेपूर्वी तळीत उतरून गाळाची एक टोपली जो वर आणून देईल, त्याने बुऱ्हाणपूरच्या कुंड्यांचा इतिहास न वाचताही तो जाणला, असे आम्ही समजू.