खुबा बदलल्यानंतर चालणे-फिरणे : सिकलसेलच्या रुग्णांनी आणि घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पोहोचले नाही, की तो हळूहळू मरतो आणि खचतो. त्यामुळे इतरांना बहुधा साठीनंतर लागणारी खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया या रुग्णांना विशी-तिशीतही करावी लागते. पुढे बरेच आयुष्य असते. प्रश्न तिथून सुरू होतो.

वस्त्यांमध्ये घरभेटी देताना आम्हाला दोन टोके दिसतात. कोणी सांधा झिजेल या भीतीने बसूनच राहतो, तर कोणी दुखणे थांबताच पोती उचलायला जातो. दोन्ही घातक आहे.

सांधा किती वर्षे टिकतो?

इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी असलेला सांधा वापरायला सुरुवात केली. आजचे सांधे त्याच कल्पनेवर उभे आहेत. 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या आढाव्यानुसार सुमारे 58 टक्के सांधे 25 वर्षे टिकतात. ही आकडेवारी मुख्यतः संधिवाताच्या रुग्णांची आहे. सिकलसेलमध्ये जंतुसंसर्गाचा आणि सांधा सैल होण्याचा धोका अधिक असतो, म्हणून नियमित तपासणी सोडू नये.

दुखणे जाते, बसण्याची सवय जात नाही

शरीरावर यंत्र लावून हालचाल मोजणाऱ्या अभ्यासांत असे दिसले, की शस्त्रक्रियेनंतर वेदना खूप कमी होतात, पण पहिल्या सहा महिन्यांत रोजची हालचाल फारशी वाढत नाही. वर्षानुवर्षे लंगडत चालल्याने कमरेचे व मांडीचे स्नायू कमजोर झालेले असतात. ते व्यायामानेच परत येतात. स्नायू कमजोर राहिले तर लंगडणे राहते आणि पडण्याचा धोका वाढतो.

पहिले तीन महिने

- वॉकर किंवा काठी घेऊन रोज थोडे थोडे चालावे. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम चुकवू नयेत.
- उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि पायावर पाय टाकणे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत टाळावे.
- घरी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणावी. बसायला उंच खुर्ची ठेवावी.

त्यानंतर

- चालणे आणि सायकल चालवणे चांगले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. तिथपर्यंत हळूहळू जावे.
- धावणे, उड्या, कबड्डी आणि जड ओझी टाळावीत. कामच अंगमेहनतीचे असेल तर काम बदलण्याबद्दल घरात आधीच बोलावे.
- सिकलसेल असल्यास भरपूर पाणी प्यावे, उन्हाळ्यात सकाळीच फिरावे, दमेपर्यंत व्यायाम करू नये. थंड पाण्यात पोहू नये, त्याने वेदनेचा झटका येऊ शकतो.
- दुसऱ्या खुब्याकडेही लक्ष ठेवावे. अनेकदा तोही खराब होतो.

लगेच रुग्णालयात जावे, जर...

ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, पोटरी सुजली, अचानक धाप लागली किंवा पाय आखूड वाटू लागला. बऱ्याच वर्षांनी जांघेत पुन्हा दुखू लागले तरी एक्स-रे काढून घ्यावा.

शस्त्रक्रियेपूर्वीच सर्जनला सिकलसेलबद्दल सांगावे. सरकारी योजनेत खर्च बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारावे. फिजिओथेरपीला ये-जा करण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी मात्र घरालाच सोसावी लागते. आम्ही पाहतो, की व्यायाम बहुतेकदा इथेच सुटतो, आणि सुनेचा किंवा मुलीचा तर सर्वांत आधी. घरच्यांनी तिच्या रोजच्या अर्ध्या तासाला कामातून सुट्टी द्यावी. औषधाइतकाच तोही उपचार आहे.