उतरणीच्या वर्षांचा भाव

२००१ साली सेंट लुइस कार्डिनल्सने आल्बर्ट पुहोल्स या नवख्या फलंदाजाला वर्षाचे दोन लाख डॉलर दिले आणि त्याने ३७ होम रन मारले. २०२१ साली लॉस एंजेलिस एंजल्स त्याला वर्षाचे तीन कोटी डॉलर देणे लागत होते, तरी मे महिन्यातच त्यांनी त्याला संघातून मोकळे केले. तेव्हा त्याची फलंदाजीची सरासरी .१९८ होती. बेसबॉलमधल्या अवाढव्य करारांचे मूळ दुखणे या दोन आकड्यांत दिसते. रक्कम किती, याआधी ती खेळाडूच्या कोणत्या वयासाठी मोजली जाते, हे तपासायला हवे.

१९७५च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने खेळाडूला एकाच संघाला बांधून ठेवणारी जुनी प्रथा मोडली. तरीही मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय खेळाडू बाजारात उतरू शकत नाही. त्यातली पहिली तीन वर्षे बहुतेकांना किमान वेतनाच्या आसपास काढावी लागतात. पुढे रकमेवर मतभेद झाला तर लवाद ती ठरवतो. फलंदाजाचा भर साधारणपणे पंचविशी ते तिशीच्या दरम्यान असतो. म्हणजे उमेदीची वर्षे स्वस्तात जातात आणि खरा भाव मिळतो तो उतरण लागताना. पुहोल्सच्या तीन एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) पदव्या आणि दोन विजेतेपदे सेंट लुइसच्या खात्यात जमा झाली. दहा वर्षांचे २४ कोटी डॉलर मात्र एंजल्सने २०११च्या अखेरीस कबूल केले, तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता. एकाच्या बचतीची भरपाई दुसऱ्याने केली.

शिवाय हे करार हमीचे असतात. खेळाडू जायबंदी झाला तरी पैसे द्यावेच लागतात, आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) बाबतीत हा धोका सर्वांत मोठा. २०१९च्या वर्ल्ड सिरीजचा मानकरी स्टीफन स्ट्रासबर्गशी वॉशिंग्टनने सात वर्षांचा २४.५ कोटींचा करार केला. त्यानंतर तो जेमतेम आठ सामने खेळू शकला.

एकट्या ताऱ्याचा उपयोग किती, यालाही खेळाच्या रचनेनेच मर्यादा घातली आहे. क्रिकेटमध्ये सलामीवीर पन्नासही षटके उभा राहू शकतो. इथे एकदा पाळी झाली की उरलेल्या आठ जणांची होईपर्यंत थांबायचे. सामन्यात चार-पाच संधी, बस्स. ॲलेक्स रॉड्रिगेझने टेक्सासकडून २००१ ते २००३ मध्ये अनुक्रमे ५२, ५७ आणि ४७ होम रन मारले. तिन्ही वर्षे संघ चार संघांच्या गटात तळाला राहिला, कारण चेंडू टाकणारे हात दुबळे होते. २५.२ कोटींच्या त्या करारात रॉड्रिगेझचा दोष काडीचाही नव्हता. २०२५ मध्ये हुआन सोटोने ४३ होम रन मारूनही ७६.५ कोटींचा करार करणारे मेट्स बाद फेरीत पोचले नाहीत.

मग शोहेई ओतानीचे काय? डॉजर्सनी त्याला दहा वर्षांसाठी ७० कोटी कबूल केले, पण त्यातले ६८ कोटी २०३४ पासून पुढे द्यायचे आहेत. त्यामुळे लक्झरी टॅक्सच्या (संघाचा वेतनखर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास लागणाऱ्या कराच्या) हिशेबात करार वर्षाला सुमारे ४.६ कोटींचाच धरला जातो. जपानी जाहिरातदार आले, ते उत्पन्न वेगळे. २०२४ आणि २०२५ ची विजेतेपदेही आली. मात्र मुकी बेट्स आणि फ्रेडी फ्रीमन हे तारे आधीपासून तिथे होते. भरलेल्या संघात तारा आणला की तो फळतो.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. खेळाडूंच्या कमाईवर चिडणारा प्रेक्षक चुकीच्या माणसावर चिडतो. करार नाकारला म्हणून तिकीट स्वस्त होत नाही. तिकिटाचा दर मागणीवर ठरतो आणि वाचलेला पैसा मालकाकडे राहतो.

म्हणून मोठे करार करावेत, पण ते लवकर करावेत. कॅन्सस सिटी रॉयल्स ही छोट्या बाजारपेठेतली टीम २०२३ मध्ये १०६ सामने हरली होती. २०२४च्या फेब्रुवारीत तिने २३ वर्षांच्या बॉबी विट ज्युनियरशी अकरा वर्षांचा, सुमारे २८.९ कोटींचा करार केला. त्याच वर्षी त्याने .३३२ च्या सरासरीने फलंदाजीचे विजेतेपद मिळवले आणि संघ बाद फेरीत पोचला. सातव्या वर्षानंतर करार मोडून बाहेर पडण्याचा हक्क विटकडे आहे. त्याने तो वापरला, तरी वयाच्या तिशीपर्यंतची त्याची वर्षे कॅन्सस सिटीला मिळालेली असतील.