प्रकाशोपचार, कोडावरील

त्वचेतील मेलॅनीन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या कोशिका नष्ट झाल्याने पडणाऱ्या पांढऱ्या डागांवर ठराविक तरंगलांबीचा प्रकाश पाडून रंग परत आणण्याची चिकित्सापद्धती. कोड सांसर्गिक नाही व महारोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. तथापि ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’ वरूनच आलेला असून चरकसंहितेतही श्वित्राचे विवेचन कुष्ठचिकित्सेच्या अध्यायात येते. या नामसाधर्म्याचे फळ रुग्णांना, विशेषतः विवाहयोग्य मुलींना, पिढ्यान्‌पिढ्या भोगावे लागले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या नितळ (२००६) या मराठी चित्रपटाचा विषय हाच आहे.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात किलास घालविण्यासाठी काळ्या वनस्पतीला आवाहन केले आहे. ती कोणती, याविषयी मतभेद आहेत. चरकाने मलपूचा रस गुळासह देऊन रुग्णास उन्हात बसविण्यास सांगितले. बावचीच्या बियांचा लेपही पूर्वापार प्रचारात आहे. बावचीतील सोरॅलेन द्रव्यांमुळे त्वचा जंबुपार (जांभळ्यापलीकडील अदृश्य) किरणांना अधिक प्रतिसाद देते. म्हणजे आधुनिक उपचाराचे दोन्ही घटक येथे होते. नव्हते ते मापन. लेप जास्त लागला वा ऊन कडक पडले की फोड येत. शिवाय महाड तालुक्यातील शिवथरसारख्या घाटपायथ्याच्या खोऱ्यात पावसाळ्यात कित्येक दिवस ऊन पडत नाही व उपचार खंडित होतो.

दिव्याच्या प्रकाशाने त्वचारोग बरा करण्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले; तो रोग मात्र त्वचेचा क्षय होता. कोडावर सोरॅलेनाचा शास्त्रीय वापर ईजिप्तमध्ये अब्देल मोनेम एल् मोफ्ती यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. १९७४ नंतर सोरॅलेन व जंबुपार-अ किरण यांचा संयुक्त उपचार रूढ झाला. १९९७ मध्ये नेदर्लंड्समधील संशोधकांनी ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील जंबुपार-ब किरण औषधाविनाही उपयुक्त असल्याचे दाखविले. या किरणांनी रंगकोशिकांवरील प्रतिकारशक्तीचा हल्ला मंदावतो आणि केसांच्या मुळांतील राखीव कोशिका वर सरकतात. म्हणूनच रंग प्रथम केसांभोवती ठिपक्यांच्या रूपात परततो. ओठ व बोटांची टोके येथे केस नसल्याने यश क्वचितच येते.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, निदान सहा महिने, हा क्रम चालतो. शिवथरहून शहरातील दवाखान्यात इतक्या फेऱ्या मारणे मजुरी बुडविणाऱ्यास परवडणारे नाही. घरी वापरावयाच्या साधनांचे खरे महत्त्व येथे आहे. ब्रिटनमधील ५१७ रुग्णांच्या चाचणीत (२०२१) हातात धरावयाचा दिवा व स्टेरॉइड मलम यांच्या जोडीने सु. २७ टक्के रुग्णांना समाधानकारक गुण आला, केवळ मलमाने सु. १७ टक्क्यांना, उपचार थांबल्यावर अनेकांचा लाभ ओसरला. अंगावर बांधावयाच्या पट्ट्यांचा टप्पा यापुढचा. जंबुपार-ब प्रकाश देणाऱ्या डायोडांमध्ये विजेचा बराच भाग उष्णतेत जातो. त्वचेला चिकटून राहणाऱ्या साधनात ही अडचण लहान नव्हे.

बाजारातील प्रकाशाचे मुखवटे ही निराळी वस्तू आहे. ते दृश्य प्रकाश देतात व वांगासारख्या काळ्या डागांवर गुणकारी म्हणून विकले जातात. सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशानेही काळेपणा वाढून टिकतो, असे २०१० मध्ये दिसून आले. निळ्या-जांभळ्या प्रकाशात हा परिणाम अधिक असतो. म्हणून असा मुखवटा लावण्यापूर्वी त्याची तरंगलांबी पाहणे आवश्यक असते, आणि ती वेष्टनावर दिलेली नसल्यास तो न घेणे बरे.